आमच्याकडे मावशीच नाही

“मावशी? कोण मावशी?” कारखान्याच्या मालकानं विचारलं, आणि ताईंच्या पाठीत दुसरी कळ उठली.

पहिली सकाळी उठली होती, न्हाणीघरात पाय घसरला तेव्हा. ती चूक ताईंची स्वतःची होती. ही दुसरी कुणाची, ते शोधायचं होतं.

ताई एका मोठ्या कपडे-कंपनीत अधिकारी होत्या. पर्यावरण आणि कामगारांचे हक्क ही दोन्ही खाती त्यांच्याकडे. बाकीची कंपनी नफा वाढवायची. ताई उरलेली पृथ्वी सांभाळायच्या. महिनाअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या आणि त्यांची जागा त्यांच्या मदतनिसाला मिळणार होती. त्याचा टाय हिरवा, पेन हिरवं, मोबाइलवर पानाचं चित्र. सगळे त्याला हिरवळ म्हणायचे. त्याला तो सन्मान वाटायचा.

काल या कारखान्याच्या रंगखान्यातून एका मावशींचा फोन आला होता. ताईंनी तो हिरवळसमोरच घेतला.

“काम चालू असताना मागच्या दाराला कुलूप असतं, ताई. आग लागली तर आम्ही आतल्या आत. तुम्ही या. मी तोंडावर सांगते सगळ्यांच्या.”

म्हणून आज न कळवता तपासणी. आणि मागचं दार सताड उघडं. कुलूप नाही, मावशीही नाहीत.

“हौदावर काम करतात,” ताई म्हणाल्या. “हात निळे आहेत.”

“मॅडम, इथे माझ्या हिशेबनिसाचेही हात निळे आहेत. पण आमच्याकडे मावशीच नाही.”

ताईंनी रंगखान्यात नजर फिरवली. वाफ, हौद, खाली माना घालून कापड ढवळणाऱ्या बाया. एका हौदापाशी काठी आडवी पडली होती. तिच्या टोकावरून अजून निळं पाणी गळत होतं.

“ही काठी कुणाची?”

शेजारच्या बाईनं आधी मालकाकडे पाहिलं. “कंपनीची,” ती म्हणाली.

ताईंनी पुढे विचारलं नाही. मावशी कुठेतरी होत्या आणि त्यांच्याशिवाय परत जाणं म्हणजे उद्या ते दार पुन्हा बंद. मावशींचं काय होईल, हा विचार ताईंनी अर्ध्यावरच सोडला.

“चला ना ताई, गोदाम बघू,” हिरवळ म्हणाला.

गोदामात पाऊल टाकताच दिवे आपोआप लागले. बाहेर पडल्यावर थोड्या वेळानं विझले.

“माझी योजना!” हिरवळ फुलला. “आत माणूस हलला तरच दिवा. रिकाम्या खोलीला विजेचा थेंब नाही. आता प्रत्येक खोलीत बसवलेत.”

पुढे बोळात एक जाडजूड दार होतं. त्यावर पाटी: ‘आपले म्हणणे मोकळेपणाने मांडा.’ दाराला भलंमोठं कुलूप.

“तक्रार-खोली,” मालक घाईनं म्हणाला. “किल्ली हरवलीय. आत कुणी गेलंच नाही बरेच दिवस.”

ताई थांबल्या. त्यांनी मान खाली घातली तेव्हा चपलेचा अंगठा पिवळा दिसला. मग काळा. मग पुन्हा पिवळा.

“पाठ फार दुखतेय का?” हिरवळनं विचारलं.

“आता कमी होतेय,” ताई म्हणाल्या.

मालकाच्या दालनात गुबगुबीत सोफे होते. त्यांच्या मधोमध, शाळेतून पळून आल्यासारखी, एक लाकडी खुर्ची.

“बसा मॅडम. तुमच्या पाठीला कडकच बरी.”

ताई बसल्या. खुर्ची खरंच बरी होती.

“मी येणार हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही! तुमची तर अचानक भेट.”

“मग माझी पाठ तुम्हाला कशी माहीत?”

मालक खुर्चीकडे असा पाहू लागला, जणू तीच फितूर झाली होती.

“आज सकाळी धरली ती,” ताई म्हणाल्या. “आमच्या ह्यांना पाठ माहीत, पण मी कुठे जातेय ते माहीत नाही. चालकाला मी प्रत्येक वळणावर डावं-उजवं सांगत आले. कारखाना त्याला फाटकापाशी कळला. पाठ, पत्ता आणि मावशींचा फोन, तिन्ही माहीत असलेला माणूस एकच. तोच वाटभर मोबाइलवर झाडांचे फोटो बघत होता. झाडं बघायला एवढं टाइप करावं लागत नाही, हिरवळ.”

हिरवळनं टाय सैल केला. “ताई, मी फक्त दार उघडं ठेवा म्हणालो. गेल्या वर्षी या कारखान्याला मीच ‘आदर्श’ ठरवलंय. खोटं निघालं तर तुमची जागा मला मिळेल का? बाईला कोंडा असं मी म्हटलं नव्हतं.”

“कोंडलंय असं मीही अजून म्हटलं नव्हतं.”



“तुम्हाला निरोप उशिरा पोचला,” ताई मालकाकडे वळल्या. “फाटकावर आमची गाडी. मावशींना बाहेर काढणार कुठून? तेव्हा तुम्हाला माझाच नियम आठवला. तक्रार करणाऱ्याचं बोलणं चोरून ऐकू नये म्हणून मी हट्टानं लिहून घेतलाय: भिंती जाड, दार जाड, खिडकी नाही, आवाज बाहेर येता कामा नये. तुम्ही तो तंतोतंत पाळलात. पण या बाळानं आत दिवा बसवलाय. बरेच दिवस रिकाम्या असलेल्या खोलीच्या दाराखालून उजेड येतोय. किल्ली द्या.”

हरवलेली किल्ली मालकाच्या खिशात सापडली.

दार उघडलं. मावशी मधोमध उभ्या होत्या, दोन्ही निळे हात डोक्यावर हलवत, घामाघूम. ताईंना पाहून त्यांनी हात खाली घेतले आणि त्या भिंतीला टेकल्या.

ताईंनी त्यांना धरलं. “मला माफ करा. ही खोली माझीच.”

“खोली चांगलीय हो,” मावशी धापा टाकत म्हणाल्या. “बोंब मारली तरी कुणाला ऐकू जात नाही. स्वस्थ बसलं की दिवा जायचा. मग बसलेच नाही.”

“बोलाल आता?”

“रंगखान्यात. सगळ्यांसमोर.”

ताईंनी मालकासमोरच पोलिसांना फोन लावला. दाराचं कुलूप काढून पिशवीत टाकलं. मग आजवर ज्याला ‘तू’ म्हणत आल्या होत्या, त्याच्याकडे वळल्या.

“हिरवळराव, तुम्ही आत बसा. तुमचाही जबाब लागेल. दार उघडंच राहील.”

‘तुम्ही’ ऐकून तो जागीच वाळला.

“आणि हातपाय हलवत राहा,” मावशींना आधार देत रंगखान्याकडे निघालेल्या ताई म्हणाल्या. “योजना तुमचीच आहे.”