ऐरणीवरचे दोन टोले

खंडेनवमीला, ऊन कलल्यावर, मी चितेगावला गेले ती फक्त हातोडी आणायला. माझ्या नवऱ्याची, मल्हारीची हातोडी. घरी पूजेत मांडायची, एवढंच काम. त्या दिवशी हत्यारं धुऊन, हळदकुंकू वाहून निजवतात, त्यांना कुणी हात लावत नाही. लोहारकामाची शेड शांत असेल असं धरूनच मी निघाले होते.

शेड पैठण रस्त्याला लागून. जागा काकासाहेबांची, हात मल्हारीचा, अशी ती भागीदारी. पाटीवर दोघांची नावं होती. मल्हारीचं तेरावं झालं नि पाटी नव्यानं रंगवली, तेव्हा एकच नाव उरलं. रंगवणाऱ्याला जागा पुरली नाही म्हणे. पाटी तेवढीच होती.

कामात दोघं बोलत नसत. मल्हारी पकडीत लाल लोखंड धरायचा आणि हातोडी हलकेच टेकवून जागा दाखवायचा. काकासाहेब तिथं घण घालायचे. मोकळ्या ऐरणीवर हातोडीचे दोन टोले पडले की थांबायचं, तोवर घणवाल्यानं थांबायचं नाही. मल्हारीच्या शेवटच्या दिवशी भट्टीला वारा देणाऱ्या ब्लोअरपाशी मीच होते. मल्हारी घामानं निथळत होता. त्यानं दोन टोले दिले. मी ऐकले, काकासाहेबांनीही ऐकले.

"एवढी कुऱ्हाड होऊ दे, गिऱ्हाइकाची गाडी उभी हाय," ते म्हणाले, आणि घण चालूच ठेवला.

कुऱ्हाड झाली. मग मल्हारी पडला तो उठलाच नाही. लोकांनी हार्ट अटॅक म्हटलं आणि विषय मिटवला.

तर खंडेनवमीला रस्त्यावरूनच मला घणाचा आवाज आला. दाराबाहेर काकासाहेबांची बायको साळूबाई बसली होती. डोळे सुजलेले.

"आज कशाला काम काढलं?" मी विचारलं.

"काम कशाचं... भट्टी बी पेटवली नाय. सकाळपासनं असंच चाललंय. मला आत जाऊ वाटंना, मंजुळा."

मी आत गेले. भट्टीत थंड राख होती, तरी तापल्या लोखंडाचा वास नाकात बसत होता. ऐरणीवर लाल तुकडा. पकड त्याला धरून आडवी, अधांतरी. पकडीमागं नुसता अंधार. दोन घणांच्या मध्ये बारीक आवाज... टिक. त्या टिकच्या जागीच घण पडत होता. काकासाहेबांचे तळवे फुटले होते, दांडा रक्तानं ओला झाला होता.

"वहिनी..." त्यांना धाप लागली होती. "दोन टोले द्या. त्यो देईना..."

"कोण?"

"जागा दाखवतोय बगा... लोखंड निवंना... मला थांबता येईना."

हातोडी खुंटीला होती. मी ती काढून उजव्या हातात घेतली. तरीही टिक येतच होतं.

खरं सांगते, आधी बरं वाटलं. ठोक म्हटलं, ठोक मरेपर्यंत. पण ते लहान पोरासारखे रडायला लागले आणि माझा राग कुठल्या कुठं गेला. म्हातारा माणूस. बाहेर त्याची बायको बसलेली. मल्हारी असता तर त्यानंही सोडलं असतं, तो होताच तसा. मी ऐरणीजवळ गेले आणि टोला द्यायला हातोडी वर उचलली.

कुणीतरी माझं मनगट धरलं. पकडीसारखं घट्ट.

मला वाटलं, मल्हारीच. "सोडा त्यांना," मी हळूच म्हणाले. "झालं आता..." मग खाली पाहिलं. उजवं मनगट माझ्याच डाव्या हातानं धरलं होतं. मी बोटं उघडायला बघत होते, ती उघडेनात. काकासाहेब घण घालता घालता माझ्याकडे बघत होते. त्यांना वाटलं, मी मुद्दाम देत नाहीये.

रस्त्यावर आल्यावरच बोटं सुटली. आत घण चालू होता.

दसऱ्याच्या सकाळी काकासाहेबांचं प्रेतच शेडमधून उचलून आणलं. साळूबाई माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले, तिला जवळ घेतलं, पण एकाच हातानं. डावा वर उचललाच गेला नाही.