सकाळी पाणी गप्प का?

"पाय धुतल्याशिवाय कोणी पाण्यात उतरायचं नाही! ए भोंगा, टोपी कुठाय तुझी? आणि ओल्या फरशीवर पळतेय कोण? पडलीस तर माझ्याकडे रडत येऊ नकोस हं!"

कप्तानने शिट्टी फुंकली. पोहण्याच्या तलावावर आत्ता कुठे उजाडत होतं, आणि ती मात्र दिवसभर राबल्यासारखी दमली होती. आधी घरी जुळ्या भावांना उठवा, त्यांची मारामारी सोडवा, रात्रपाळी करून आलेल्या आईच्या हातात चहाचा कप द्या, आणि मग इथे येऊन वीस मुली सांभाळा! सुट्टी म्हणतात ती हीच का, असा प्रश्न तिला रोज पडायचा.

कप्तानपद तिने काही मागून घेतलं नव्हतं. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी सगळ्या मुली एकदम कलकलाट करत होत्या, तेव्हा ती एकदाच "गप्प बसा!" म्हणून ओरडली आणि सगळ्या खरोखरच गप्प बसल्या. पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी तिथल्या तिथे आपल्या गळ्यातली शिट्टी काढून तिच्या गळ्यात घातली. "मुलींमधून असेच पुढारी तयार झाले पाहिजेत," बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून हजेरी, टोप्या, रुसवेफुगवे आणि हरवलेल्या चपला, सगळं काही तेरा वर्षांच्या पुढाऱ्याच्या गळ्यात पडलं.

तिच्याच गल्लीतल्या तिघी तिच्याबरोबर यायच्या. भोंगा कुजबुजली तरी रस्त्यापलीकडे ऐकू जायचं. शंकाचं एक वाक्य "पण का?"शिवाय सुरू होत नसे. आणि तिसरी होती पान. सुट्टी निम्मी सरली तरी ती फक्त तरंगायला शिकली होती. पाठीवर पडायची, कान पाण्यात बुडवायची आणि पानासारखी तासभर तशीच पडून राहायची. ती बोलायची फार कमी. क्वचित कधी सुरुवात केलीच, तर पहिल्या दोन शब्दांनंतर कप्तानच तिचं वाक्य पुरं करून टाकायची. तिचं संपेपर्यंत थांबायला वेळ कुणाला होता?

त्या दिवशी सगळ्या पाण्यात असतानाच तलावाचे मॅनेजरकाका तरातरा काठावर आले. डोळे लाल, केस विस्कटलेले आणि एका कानात कापसाचा बोळा.

"बघा, बघा हे पाणी!" ते कडाडले. "तळाची काळी रेघ दिसतेय का कुणाला?"

अंधुक उजेडात उतरताना कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, पण आता पाहिलं तर रेघ नव्हतीच दिसत. पाणी ताकासारखं पांढुरकं झालं होतं.

"दुपारी या, कसं काचेसारखं असतं! पण रोज सकाळी तुम्ही उतरलात की झालंच गढूळ. केस काय, पावडरी काय! उद्या तलाव समितीच्या अध्यक्षबाई येणार आहेत. मुलींची सकाळची बॅच बंद करा, असं मी त्यांना स्पष्ट सांगणार आहे."

"मग आम्ही शिकायचं कधी?" कप्तानने विचारलं.

"संध्याकाळी या की, सगळ्यांबरोबर!"

संध्याकाळी! तेव्हा तलावात इतकी गर्दी असायची की शिकाऊ मुलींना भिंतीला चिकटून नुसतं उभं राहावं लागायचं. कप्तान काठावर चढली आणि वीस जणींच्या वाटचं एकटीच भांडली. आम्ही टोप्या घालतो, आम्ही अंघोळ करून उतरतो, आम्ही पावडर लावत नाही! शेवटच्या "नाही"ला तिचा आवाज चिरकला, आणि पुढच्या वाक्याला तो निघालाच नाही.

"ओरडून पाणी स्वच्छ होत नसतं, बाळ," असं म्हणत काका जांभई देत निघून गेले.

चौघी तलावाबाहेरच्या कठड्यावर बसल्या. कप्तानने दोनतीनदा खाकरून पाहिलं, पण घसा पार बसला होता. खरं सांगायचं तर तिला मनातून किंचित बरंच वाटलं. बॅच बंद झाली तर उद्यापासून निदान झोपायला तरी मिळेल! मग तिचं लक्ष पानकडे गेलं. पान ओली टोपी दोन्ही हातांनी पिळत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. कप्तानला स्वतःचीच लाज वाटली.

"आपण फाटकासमोर आडव्या पडू!" भोंगा गरजली. रस्त्यावरचे दोघे जण वळून बघायला लागले.

"पण का? आडवं पडून पाणी कसं साफ होईल?" शंकाने विचारलं.

"मला... मला ना..." पान म्हणाली आणि थांबली. सवयीप्रमाणे तिने कप्तानकडे पाहिलं. कप्तानने सवयीप्रमाणे तोंड उघडलं, पण आतून नुसती फुसफुस बाहेर आली. पानचं वाक्य तसंच अर्धवट लोंबकळत राहिलं, आणि शेवटी ते तिलाच पुरं करावं लागलं.

"मला वाटतं, सकाळी पाणी गप्प असतं."

"म्हणजे?"

"मी मावशीबरोबर कधीकधी संध्याकाळी पण येते. तरंगताना कान पाण्यात असतात ना, तेव्हा खालून सारखं घुंऽऽ असं ऐकू येतं. सकाळी उतरल्यावर मात्र काहीच नसतं. मग मधेच केव्हातरी ते घुंऽऽ सुरू होतं. रोज."

कप्तान तिच्याकडे बघतच राहिली. ही मुलगी इतकं मोठं वाक्य बोलू शकते? आणि हे तिला किती दिवसांपासून माहीत होतं?

"अगं, मग सांगितलं का नाहीस?" भोंगाने विचारलं.

"सांगत होते दोनदा," पान हळूच म्हणाली. "दोन्ही वेळा कप्तान म्हणाली, हिला थंडी वाजतेय, हिला टॉवेल द्या."

कप्तानचे कान गरम झाले. टॉवेल दिल्याचं तिला चांगलंच आठवत होतं.

संध्याकाळी चौघी पुन्हा तलावावर हजर झाल्या. शंकाने पाण्यात उतरायच्या लोखंडी शिडीला कान लावला आणि लगेच ओरडली, "येतंय, येतंय! घुंऽऽ!" मग तलावाला वळसा घालून त्या मागच्या बाजूला गेल्या. तिथे पंपाची खोली होती आणि पंपवाले दादा दाराशी बसून हात पुसत होते.

"दादा, हा पंप करतो काय?" शंकाने विचारलं.

"पाणी ओढतो, गाळतो, त्यात औषध मिसळतो आणि परत तलावात सोडतो. हा थांबला की पाणी नासायला लागलंच म्हणून समज."

"पण का?"

"गाळणं बंद, औषध बंद, मग दुसरं काय होणार?"

"मग रात्री बंद असतो का?"

"छे गं! मी चालू ठेवून घरी जातो. सकाळी नाश्ता करून येतो तेव्हाही चालूच असतो."

शंकाचा चेहरा पडला. पण पानने कप्तानची बाही ओढली आणि वर बोट दाखवलं. पंपाच्या खोलीच्या डोक्यावरच मॅनेजरकाकांची राहायची खोली होती. खिडकीला लागूनच त्यांची खाट होती, खाटेवर एकावर एक रचलेल्या तीन उशा खालूनही दिसत होत्या आणि खिडकीत कापसाचा हा एवढा गठ्ठा! पंपाने खिडकीची काच सारखी थरथरत होती.

"अरे देवा!" भोंगाने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला, म्हणून नशीब. "काकांना झोप लागत नाही! तेच रात्री पंप बंद करतात!"

कप्तानला काकांचा राग यायला हवा होता. पण ते लाल डोळे आठवून तिला आधी त्यांची कीवच आली. झोप न होणं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरीही, झोप त्यांची गेली आणि बॅच आपली जाणार, हा कुठला न्याय?

बेत ठरला. अध्यक्षबाई रोज सकाळी काठी टेकत तलावावरून फिरायला जायच्या. मुली पाण्यात उतरण्याआधीच त्यांना आत आणायचं. पण त्यांना थांबवून सगळं समजावणार कोण? भोंगा जाऊन चालणार नव्हतं. मागच्या महिन्यात तिने काठावरून उडी मारून अध्यक्षबाईंना चष्म्यासकट भिजवलं होतं. शंका गेली असती तर तिने त्यांनाच प्रश्न विचारत बसवून ठेवलं असतं. सगळ्यांनी कप्तानकडे पाहिलं. कप्तानने गळ्यातली शिट्टी काढली आणि पानच्या गळ्यात घातली.

"मी? नाही गं! माझे पाय लटपटतात!"

कप्तानने तिच्या कानाशी तोंड नेलं. "लटपटू दे," ती कशीबशी फुसफुसली. "मी मागे उभी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गडबड न करण्याची शपथ घालून बाकीच्या मुलींना शॉवरपाशी रांगेत उभं केलं होतं. बाईंना काहीतरी शिजतंय याचा वास आला होता, पण त्यांनी नुसती भुवई उंचावली आणि फाटक उघडं ठेवलं. काठीची टकटक जवळ आली. पान रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

"आजी, जरा..."

"काय? मोठ्याने बोल!"

कप्तानचं तोंड आपोआप उघडलं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. आयुष्यात तिला इतकं जड काम कधी पडलं नव्हतं! पानने एकदा मागे वळून पाहिलं, शिट्टी मुठीत धरली आणि मग तिचा आवाज फुटला.

"आजी, आमच्यामुळे पाणी घाण होतं असं काका म्हणतात! पण आज अजून एकही मुलगी पाण्यात उतरलेली नाही. तुम्ही आत्ता येऊन बघाल का? आत्ताच यायला हवं, नंतर उपयोग नाही!"

अध्यक्षबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "चल," त्या म्हणाल्या.

तलाव शांत होता. पाण्यावर एक तरंग नव्हता, आणि तळाची काळी रेघ कुठेच दिसत नव्हती.

"हं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मुली तर सगळ्या कोरड्या आहेत. मग पाणी गढूळ केलं कुणी?"

"आता या शिडीला कान लावा, आजी."

"मी? या वयात?"

"लावा ना! काही ऐकू येतंय?"

अध्यक्षबाईंनी काठी शंकाकडे दिली, वाकून दांड्याला कान लावला आणि मान हलवली. काहीच नाही! तेवढ्यात मागच्या जिन्यावर चपला फटफटल्या. मॅनेजरकाका डोळे चोळत खाली उतरत होते. तलावाकडे न बघता ते थेट पंपाच्या खोलीत शिरले. खट्‌!

"अगं बाई!" अध्यक्षबाई शिडीपासून दचकून मागे सरल्या. "हे तर भुंग्यासारखं गुणगुणायला लागलं!"

काका खोलीतून बाहेर आले आणि जागच्या जागी थिजले. समोर वीस कोरड्या मुली, भुवई उंचावलेल्या बाई आणि शिडीला धरून उभ्या अध्यक्षबाई!

"मॅनेजर, हा पंप रात्री बंद असतो?"

काकांनी आधी खाकरून पाहिलं, मग मुलींकडे पाहिलं, आणि मग त्यांचा धीरच सुटला. "काय करू हो मी? डोक्याखालीच घरघरतोय तो! गेले दोन महिने अर्धी रात्र डोळ्याला डोळा नाही, मग उठून बंद करतो आणि सकाळी परत चालू करायला उठतो. म्हटलं, रात्री कोण पोहतंय? बंद केला तर कुणाचं काय जातंय?"

"आमची बॅच जात होती, काका," पान म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून काका जास्तच ओशाळले.

"चुकलंच माझं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तुम्ही उतरण्याआधी पाणी कसं असतं, हे मी एकदाही येऊन बघितलं नाही."

निकाल तिथेच लागला. मुलींची बॅच चालू राहणार, पंपाच्या स्विचला कुलूप लागणार आणि त्याची किल्ली पंपवाल्या दादांकडे राहणार. पंपाखाली जाड रबर बसवायचं आणि काकांची खाट पलीकडच्या खोलीत हलवायची, हे मात्र शंकाने सुचवलं. "पण का आधीच नाही हलवली?" असंही तिने काकांना विचारलं.

"शाबास!" अध्यक्षबाईंनी काठी टेकली. "यांची पुढारी कोण?"

सगळ्यांनी कप्तानकडे बोट दाखवलं. कप्तानने जोरजोरात मान हलवून पानला पुढे ढकललं.

"बरं! म्हणजे स्वतः गप्प राहून हिला बोलायला लावणारी तू. हे मोठ्यामोठ्यांना जमत नाही हं!"

कप्तानला खोटं कौतुक घेववेना. सगळा जोर एकवटून ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "गप्प नव्हते राहिले, आजी. आवाज बसला होता."

अध्यक्षबाई इतक्या हसल्या की त्यांना काठीचा आधार घ्यावा लागला. "मग अधूनमधून बसू दे की!" त्या म्हणाल्या.

कप्तान शिट्टी परत घ्यायला गेली. पानने ती काढून दिलीही असती, पण कप्तानचा हात मधेच थांबला. "आजची बॅच तू घे," ती फुसफुसली.

मग सगळ्या सुट्टीत जे तिने एकदाही केलं नव्हतं, ते तिने केलं. पाठीवर पडली, हातपाय सैल सोडले आणि कान पाण्यात बुडवले. मुलींचा कलकलाट दूर गेला. कुणाची टोपी हरवली, कोण कुणावर रुसलं, यातलं काही ऐकू येईना. खालून नुसतं घुंऽऽ येत होतं, एकसारखं. पान रोज हेच ऐकत असायची तर! कप्तानचे डोळे मिटायला लागले.

फुर्रऽऽ! काठावर कर्कश शिट्टी वाजली.

"ए कप्तान!" पानचा खणखणीत आवाज आला. "पाय धुवून उतरलीस का तू?"