बिनचेहऱ्याच्या बाहुल्या

"मैनाताई, ही बाहुली तुमच्या पिशवीत कशी आली?"

सोनलने ती हातपाय नसलेली लाकडी बाहुली जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि मैनाच्या हातातलं वाढप तिथेच थांबलं... भावजयीची नजर गेले पंधरा दिवस आपल्या बोटांवरच्या तांबड्या डागांवर खिळते आहे, दुपारी आपण कुठे जातो याची शेजारच्या सनाकडे चौकशी होते आहे, हे तिला कळत होतं. आखातातल्या मदिनत सुलतान काबूस या वस्तीतल्या धाकट्या भावाच्या या घरात तिच्याकडे आता संशयाने पाहिलं जात होतं!

खरं सांगणं अवघड नव्हतं. मागच्या बंगल्यातल्या फुमिकोआजींच्या नवऱ्याने जपानमध्ये शेवटच्या दिवसांत लेथवर कातलेल्या अकरा कोकेशी, म्हणजे अशा हातपाय नसलेल्या जपानी बाहुल्या चेहऱ्यांवाचून राहिल्या होत्या. आजींचा हात कापायचा, म्हणून मैना ते चेहरे रंगवत होती, आणि रंगवून झालेली ही पहिली बाहुली आजींनीच तिला दिली होती. पण 'तुम्हाला हे येतं कसं?' असं सोनलने विचारलं तर...? सावंतवाडीत वीस वर्षं लाकडी खेळणी रंगवून तिने या पोरक्या धाकट्या भावाला, स्वरूपला, इंजिनीअर केलं. आणि लग्न ठरताना त्याच स्वरूपने पुण्याच्या सासरी सांगितलं, की ताई शिक्षिका होती. त्याचा शब्द राहावा म्हणून तिने त्या दिवसापासून कुंचला सोडला होता.

"मी तिथे धुणंभांडी करते," मैना खाली मान घालून म्हणाली. "बाहुली... न विचारता उचलली."

स्वरूपने बाहुली हातात घेतली. एका दमात ओढलेल्या, टोकाशी किंचित उचललेल्या त्या भुवया...! ताईच्या मांडीशी बसून त्याने अशा हजारो भुवया उमटताना पाहिल्या होत्या. 

"ताई खोटं बोलतेय, सोनल. माझ्यासाठी. ती शिक्षिका नव्हतीच. खेळणी रंगवून तिने मला वाढवलं, आणि मला त्याची लाज वाटली..."

सोनलने त्याच्या हातातली बाहुली घेतली. मग, सहा वर्षं मला फसवलंस त्याचं नंतर बघू, एवढंच नवऱ्याला सांगून ती मैनाचा हात धरून थेट फुमिकोआजींच्या दारात गेली. आता उलटतपासणी होणार, असंच मैनाला वाटलं.

"या माझ्या नणंद," सोनल आजींना इंग्रजीत म्हणाली. "कलावंत आहेत. यापुढे त्या लपून येणार नाहीत."

आजी नमस्कारासाठी कमरेत वाकल्या. मैनाला मात्र अश्रूंमुळे काहीच दिसत नव्हतं... डोळे पुसले तेव्हा फाटकाबाहेर स्वरूप दिसला, आत यायला न धजावणारा.

"ये रे," तिने हाक मारली. "बाहेर ऊन आहे."