बधिर जागा

माझ्या लेकीच्या, कीर्तनाच्या लग्नाच्या साड्या घ्यायला आम्ही टी. नगरच्या बाजारात गेलो, तेव्हा माझी मान कित्येक वर्षांनी दुखत नव्हती. लेकीच्या लग्नात सरळ उभं राहायचं, एवढ्यासाठीच तर मी डॉक्टरांकडून मानेतली नस जाळून घेतली होती. मी अगदी खुशीत होते, खोटं कशाला सांगू!

माझ्या सासूबाई, राजसबाई, अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना उठवायचं म्हणजे त्यांनी माझ्या मानेमागे हात घालायचा आणि मी वाकून उचलायचं. "सोडू नको गे, सरोजा... पडेन मी," असं रोज म्हणायच्या. एका सकाळी तशाच, उचलता उचलता गेल्या. त्यांची बोटं माझ्या मानेवरून सोडवायला ह्यांना बोलवावं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून तिथूनच कळ निघायची आणि डोळ्यामागे जाऊन ठसठसायची. मी जरा वाकले की ओसरायची.

डॉक्टर म्हणाले, मूळ दुखणं डोक्यात नाही, मानेत आहे. सुई तापवून तिथली नस जाळू. मला पालथं झोपवलं. मी जागीच होते.

"आधी थोडा करंट देतो. काय वाटतं ते सांगा."

"बोटं..." मी म्हणाले. "कनका सिस्टर, मान जरा सैल धरा ना."

"मी इकडे मशीनपाशी आहे, अम्मा." तिचा आवाज माझ्या पायांकडून आला.

मग नीलगिरी तेलाचा वास आला. सासूबाईंच्या गुडघ्यांना मी तेच चोळत असे.

"नस वर्षभरात परत वाढेल," डॉक्टर म्हणाले. "तोवर तिथे बधिर वाटेल."

दुकानात कीर्तनाची साडी ठरली, मग माझी पाळी आली. आरशासमोर उभं करून विक्रेत्यानं माझ्या खांद्यावर पदर टाकला. चुण्या विस्कटल्या. त्यानं पुन्हा लावला, पुन्हा विस्कटल्या.

"अम्मा," तो तमिळमध्ये हळूच म्हणाला, "पाटींना जरा हात काढायला सांगा. पदर बसत नाही."

पाटी म्हणजे आजी. माझ्यामागे कुणीच नव्हतं. कीर्तना लांब, बिलाच्या रांगेत होती.

मी पदर बाजूला केला. मानेवरून गळ्याकडे चार लाल खुणा आल्या होत्या आणि बघता बघता त्या खोल होत होत्या. दुखत मात्र काहीच नव्हतं.

लग्न येत्या गुरुवारी आहे. सासूबाई घसरताहेत की मान आवळताहेत, मला आता कळतच नाही. म्हणून मी दिवसभर वाकूनच असते.