विकायचं नाही, या अटीवर

कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायचं नाही, असा कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागाचा नियम होता. शामलाने दार उघडलं तेव्हा बाहेरच्या पायरीवर एक उंच तरुण बगळ्यासारखा एका पायावर उभा होता. मे महिन्यातली नागपूरची दुपार. फरशी नुसती भाजत होती.

“काय झालं?” तिने विचारलं.

“एक चप्पल कुत्र्यानं नेली. सरांना भेटायला आलो, ते नाहीत. आणि आता मले परतही जाता येऊन नाही राहिलं.”

शामलाला हसू आवरेना. तिने खोलीतल्या रबरी स्लिपा पुढे केल्या. त्याच्या टाचा मागून पार बाहेर आल्या.

“आत बसा. एसी आहे.”

“एसीसाठी आलो असं नका समजू, मॅडम.”

“सगळे असंच म्हणतात.”

त्याचं नाव कृष्णकांत. हिंगण्याला पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर होता, आणि संध्याकाळी एका तंत्रनिकेतनात शिकवायचा. विहिरींच्या पाण्याच्या पातळीचे आकडे भरले की जमिनीखालचं पाणी कुठून कुठे वाहतं ते सांगणारा प्रोग्रॅम या विभागात आहे, असं त्याने ऐकलं होतं. विद्यार्थ्यांसाठी तो मिळेल का?

प्रोग्रॅम शामलानेच लिहिला होता, तिच्या पीएचडीसाठी.

“किती पैसे?” त्याने विचारलं.

“पैसे नाहीत. शिकवायला आणि संशोधनाला फुकट. पण या कागदावर सही करायची. विकायचं नाही, धंद्यात वापरायचं नाही, आम्हाला विचारल्याशिवाय दुसऱ्याला द्यायचं नाही.”

“एवढ्या अटी...”

“अजून एक आहे. स्लिपा परत आणून द्यायच्या.”

सही करताना तो कागदाकडे कमी, तिच्याकडेच जास्त पाहत होता. ते तिच्या लक्षात आलं, आणि आपल्या लक्षात आलंय हे त्याला कळू नये म्हणून ती उगाच फ्लॉपीवर नाव लिहीत बसली.

स्लिपा परत करायला तो दुसऱ्याच दिवशी आला. मग दर शनिवारी येऊ लागला. कधी विद्यार्थ्यांच्या शंका घेऊन, कधी डब्यातून झणझणीत रश्शाचे तर्री पोहे घेऊन.

“आज कोणती शंका?” ती विचारायची.

“आज शंका नाही. आज खात्री करून घ्यायला आलो.”

“कसली?”

“की तुम्ही रोजच अशा हसता... का फक्त शनिवारी.”

पावसाळ्यात ते सक्करदऱ्याच्या तलावावर भेटू लागले. शामलाचं घर जवळच होतं. एकदा सर आली तेव्हा दोघे एका छत्रीत उभे राहिले, आणि छत्री तिच्याकडे कलती धरल्यामुळे त्याचा अख्खा खांदा भिजला. तिने ओढणीच्या टोकाने त्याची बाही पुसली. मग हात मागे घ्यायचं तिला सुचलंच नाही.

त्या दिवशी तिने त्याला मनकर्णाबाईंची गोष्ट सांगितली. काटोलच्या वाटेवरचं गाव, संत्र्याचे मळे. विहिरीत टेप सोडायला शामला पहिल्यांदा गेली तेव्हा मनकर्णाबाईंनी तिला काठावरच अडवलं होतं.

“म्हणाल्या, ‘हे आकडे बोअरवाल्यायले विकशील काय?’ मी म्हटलं, नाही विकणार. त्यांनी विहीर मोजू दिली, तेव्हा गावाने दिली. ती अट म्हणूनच आहे. प्रोग्रॅममध्ये त्या विहिरीचं नावसुद्धा मी मनकर्णा ठेवलंय. तुमच्या फ्लॉपीत आहे बघा, मुलांना शिकायला नमुना म्हणून.”

“पाहिलं मी,” कृष्णकांत म्हणाला. मग जरा थांबून, “शामला, आपलं कसं होईल वं?”

तो तिला पहिल्यांदाच असं, घरच्यासारखं म्हणाला. ती तलावाकडे पाहत राहिली.

अडचण तिच्या घरची नव्हती. तिचे बाबा, वामनराव, मिलमध्ये कामाला होते. छप्पन साली ऐन तारुण्यात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि मुलगी झाली तरी तिला शिकवायचं हे तेव्हाच ठरवलं. ते एवढंच म्हणाले, “मुलगा शब्दाचा पक्का असला म्हणजे झालं.” अडचण कृष्णकांतच्या घरची होती. बौद्धांची मुलगी आणली तर दारात पाय ठेवायचा नाही, असं त्याच्या वडिलांनी शेतावरून निरोप पाठवून कळवलं होतं.

“स्वतःचा धंदा असला, स्वतःचं घर असलं, तर कोणाच्या दारात जायची गरजच काय?” तो म्हणायचा. दिवाळीनंतर त्याने कारखाना सोडला. एका मित्राबरोबर काहीतरी सुरू करतोय, जमलं की सांगीन, म्हणाला. शनिवारचं येणं कमी झालं. पण आला की तो इतका आनंदात असायचा, की तिने फार विचारलं नाही.

फेब्रुवारीत शामला पातळी मोजायला गावात गेली. मनकर्णाबाईंच्या विहिरीत तिने टेप सोडला. वर आला तो चिखल लागून. एरवी या विहिरीला मे महिन्यातही पाणी असायचं.

बांधाच्या पलीकडे नागपूरच्या इतवारीतल्या एका व्यापाऱ्याने मळा घेतला होता. तिथे बोअरची गाडी उभी होती, आणि शेजारी नवे पाईप धो धो पाणी ओतत होते. गाडीवरचा सुपरवायझर चंद्रभान भला माणूस होता. तिने विचारताच त्याने कौतुकाने छापील कागद दाखवला.

“आम्ही अंदाजानं नाही खोदत, मॅडम. आमच्या पार्टनर साहेबांचा कॉम्प्युटर आहे. कुठं पाणी लागते ते बरोबर सांगते.”

कागदावर वर कंपनीचं नाव होतं. खाली विहिरींची नावं होती, तिने ठेवलेली. त्यात मनकर्णा होती. पार्टनर साहेबांचं नाव काय, हे विचारायची गरज नव्हती. तरी तिने विचारलं.

“कृष्णकांतराव,” चंद्रभान म्हणाला.

मनकर्णाबाई बांधावर येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. “तू म्हटलं होतं ना पोरी, आकडे बोअरवाल्यायले नाही विकणार,” एवढंच बोलून त्या वळल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी कृष्णकांत तिला कॉलेजच्या फाटकाशी भेटला. त्याने काही नाकारलं नाही.

“सही केली तेव्हा असं काही मनात नव्हतं. शप्पथ. मित्र म्हणाला, एकदाच चालवून पाहू. पाणी लागलं... मग लोक यायला लागले.”

“मनकर्णाबाईंचं मी तुला सांगितलं होतं.”

“आपल्यासाठीच केलं ना मी. दोन खोल्या पाहिल्या आहेत, धंतोलीत. तुले आवडतील.”

त्याचा आवाज इतका आर्जवी होता, की क्षणभर तिला त्या खोल्या दिसल्या. खिडकी, पडदा, त्याच्या ओल्या छत्रीचा कोपरा. तिने डोळे मिटले.

“काम बंद कर.”

“आणखी मळ्यांची कामं घेतली आहेत, शामला. गाड्या कर्जावर आहेत. कसं बंद करू?”

“मग निदान रविवारी माझ्यासोबत गावात चल. त्यांना तू सांग. मी दिले नव्हते आकडे, एवढं तुझ्या तोंडाने सांग.”

त्याने फाटकाची कडी उगाच वरखाली केली. “येतो,” म्हणाला.

शनिवारी तिने विभागप्रमुख मधुकरराव सरांना सगळं सांगितलं. सरांनी वकिलाला विचारलं. खटला वर्षानुवर्षं चालेल, आणि तोवर बोअर थांबणार नाहीत, असं तो म्हणाला. सरांनी प्रोग्रॅम देणं बंद केलं आणि ज्या कॉलेजांना दिला होता त्यांच्याकडून परत मागवला. गावाने पुन्हा विहिरी मोजू दिल्या नाहीत, तर शामलाची पीएचडीही अडकणार होती. ते सर बोलले नाहीत. तिला माहीत होतं.

रविवारी कृष्णकांत बसस्टँडवर वेळेआधी आला होता. त्याने दोघांची तिकिटं काढली, तिला खिडकी दिली. वाटेत एका थांब्यावर उतरून चहा आणला, कप तिच्या हातात देताना बोटं तशीच रेंगाळली. ऊन कोवळं होतं, मळ्यांना बहराचा वास होता. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागत होता, आणि तिने तो लागू दिला. आता हा उतरेल, बोलेल. मग पुढचं पुढे... ती स्वतःला समजावत होती.

गाव आलं. ती उठली, त्याच्या गुडघ्यांपुढून वाट काढत खाली उतरली. वळून पाहिलं. तो उतरला नव्हता.

“कृष्णकांत?”

तो खिडकीजवळ सरकला होता. गज धरून म्हणाला, “माझ्यानं नाही होत वं. तू सांग ना... तुझं ऐकतील त्या.”

कंडक्टरने घंटी वाजवली. शामलाने काहीतरी बोलावं म्हणून तो वाट पाहत होता. ती दोन पावलं मागे सरकली. बस काटोलकडे निघून गेली, आणि धूळ खाली बसेपर्यंत ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

मनकर्णाबाई अंगणात होत्या. दूरच्या हापशीवरून आणलेल्या घागरी ओट्यावर उतरवत होत्या. शामलाने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. फ्लॉपी कोणाला दिली, का दिली, आणि तो तिचा कोण होता तेही. मनकर्णाबाई घागरी उतरवत ऐकत होत्या. सांगून झाल्यावर त्यांनी घागरीतून तांब्या भरला आणि तिच्यापुढे धरला.

तिला ते पाणी घ्यायचा धीर होईना.

“पी,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “उन्हातून आली. पण आता विहिरीकडे नको येऊ, पोरी.”

शामला प्यायली. पाणी मचूळ होतं. रिकामा तांब्या परत घेताना मनकर्णाबाईंनी रस्त्याकडे पाहिलं.

“एकटीच आली काय वं?”

“हो,” शामला म्हणाली. “एकटीच.”