कासारमळ्याचा जुना फलाट

सृष्टीचा पाय मुरगळला नसता तर नाथाजी त्या दिवशी स्टेशनवर गेलेच नसते. चौतीस वर्षं पॉइंट्समन म्हणून रुळांवर काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर गाडी बघायची हौस कसली उरते? पण नात मिरजेला नर्सिंग शिकत होती. सकाळी मैत्रिणींच्या आधारानं गेली, संध्याकाळी मात्र एकटीच येणार होती. तेव्हा चहा पिऊन, पायात वहाणा सरकवून ते निघाले.

कासारमळा स्टेशनची गंमत अशी, की ते गावाकडे पाठ करून बसलंय. पूर्वी तसं नव्हतं. एकच रूळ होता आणि त्याच्या पूर्वेला, गावाच्या अंगाला, काळ्या दगडाचा फलाट. इतका बुटका, की डब्यातून उतरताना लुगड्यातल्या बायकांची तारांबळ उडायची. म्हणून नाथाजींचा जोडीदार तात्याबा डब्याडब्यापाशी जाऊन हात द्यायचा. "सावकाश उतर, मी हाय," हे त्याचं ठरलेलं बोलणं. हे काही त्याच्या ड्युटीत बसत नव्हतं, पण खोड ती खोड. तात्याबा त्याच फलाटावर छातीत कळ येऊन गेला, त्याला आता अकरा वर्षं झाली.

चार वर्षांपूर्वी दुसरा रूळ आला. जुना फलाट उकरून त्याच जागेवर तो टाकला, नवा उंच फलाट पश्चिमेला बांधला आणि गावात यायला लोखंडी पूल केला. बावन्न पायऱ्या चढा, बावन्न उतरा. आता गाव डोळ्यांसमोर दिसत असताना असला द्राविडी प्राणायाम आमच्याकडं कोण करणार? लोक सरळ उलट्या दारानं खडीवर उतरायचे आणि रूळ ओलांडून घरी जायचे. त्यात दोघं गेले. दुसरा अजितकुमार, आडत दुकानवाला. तो एक दिवस जगला. दवाखान्यात नाथाजींना जवळ बोलावून म्हणाला, "तात्याबानं हात दिला, म्हनून उतरलो."

मरणाच्या दारातला माणूस काहीही बोलतो, असं नाथाजींनी गावात सगळ्यांना सांगितलं. स्वतःला मात्र ते पटवता आलं नाही. म्हणूनच त्यांनी सृष्टीला फोनवर बजावलं होतं.

"पुलाच्या अंगालाच उतर. मी पाठुंगळी घिऊन जातो."

"आवं आज्जा, तुमीच काठी टेकत चालता की," ती हसून म्हणाली होती.

गाडी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. कुठंतरी उसाचं पाचट जळत होतं, त्याचा धूर फलाटावर रेंगाळत होता. बायकांच्या डब्यातून चौघी उतरल्या. सृष्टी त्यांच्यात नव्हती. तेवढ्यात पलीकडच्या रुळावर लांबून शिट्टी वाजली. ती इथं न थांबणारी एक्स्प्रेस, तिची वेळ नाथाजींना पाठ होती. काठी तिथंच टाकून ते डब्यात चढले.

सृष्टी पलीकडच्या दारात होती. दुखरा पाय वर, चांगला पाय खालच्या पायरीवर आणि एक हात बाहेर अंधारात पुढं केलेला. त्या हाताची बोटं कशावर तरी मिटली होती.

"सावकाश उतर..." खालून आवाज आला. "मी हाय..."

तो आवाज ओळखायला वेळ लागला नाही. नाथाजींनी नातीचा दंड धरून मागं ओढलं, पण ती तसूभरही सरकली नाही.

"तात्याबा... सोड तिला."

"कोन, नाथा? आरं, पोरगी लंगडतीया. उतरून घेतो की."

"खाली फलाट न्हाई, गड्या. उकरला त्यो. रूळ टाकलाय तितं... गाडी यायलीय..."

एक्स्प्रेसचा उजेड खडीवर पसरत जवळ येऊ लागला.

"उकरला?" आवाज अगदी बारीक झाला होता. "मग दगुड कुठं गेलं?"

जन्मभराच्या जोडीदाराशी खोटं बोलायची नाथाजींना सवय नव्हती, आणि सुचायला उसंतही नव्हती.

"गावानं न्हेलं, ज्येला लागंल तसं... आमच्या दाराम्होरच्या पायऱ्या त्येच्याच हायत..."

सृष्टीचा हात सुटला. दोघंही डब्यात मागं कोसळली आणि एक्स्प्रेस दाराला घासल्यासारखी धडधडत निघून गेली.

गाडी हलायच्या आत नाथाजींनी नातीला नव्या फलाटावर उतरवलं. पूल त्यांनी बसत-उठत पार केला.

"पूल चढवनार न्हाई वाटलं, म्हनून तिकडं गेले," सृष्टी मध्येच म्हणाली. "पर त्यो म्हातारा लय मायाळू वाटला वो. कोन हाय त्यो?"

"हुता एक," नाथाजी म्हणाले.

पोर हाती लागली होती, त्यांना तेवढं पुरे होतं. देवळासमोरून जाताना सहसा मान न वाकवणारा हा माणूस त्या दिवशी थांबला, वहाणा काढल्या आणि चांगला वेळ हात जोडून उभा राहिला.

घरी पोचल्यावर ते फाटकापाशी मागं राहिले. फाटकाची कडी गंजलेली, दोन्ही हातांनी रेटल्याशिवाय बसायची नाही. सृष्टी पुढं गेली आणि दारापुढच्या तीन पायऱ्या हळूहळू चढली. उंबऱ्यापाशी ती थांबली.

"आज्जा, चढले मी," ती शेजारच्या अंधारात बघत हलक्या आवाजात म्हणाली. "आता सोडा की हात..."

नाथाजींचे दोन्ही हात कडीवर होते.