नऊ नंबरच्या झाडाचं मीठ

मंगळावरच्या मुख्य तळाच्या प्रयोगशाळेत शलाका पेडणेकर नऊशे किलोमीटर दूरच्या तेलताडांची पानं वाचत होती. दुसऱ्या घुमटातले हे ताड वरून फिरणारा पर्णदर्शी उपग्रह न्याहाळायचा. प्रत्येक झाडाचं कोंबापासून सतरावं पान हेरून त्यातलं नत्र, स्फुरद, पालाश, क्लोरीन तो कळवायचा.

त्या घुमटात तिचा नवरा विश्राम एकटाच होता. सात महिन्यांपूर्वीच्या धूळवादळात संपर्काचा मनोरा कोसळला, तेव्हापासून त्याचा आवाज नव्हता. शलाकाला त्याची इतकी आठवण यायची, की आकडे वाचताना ती त्याच्याशी भांडायचीसुद्धा.

तळप्रमुख डॉ. तांबोळी आत आले.

"शलाकाबाई, वाहन एकच आहे. ते तिकडे पाठवायचं तर माणूस जिवंत असल्याचा पुरावा हवा. हिरवी पानं पुरावा होत नाहीत, पाणी-खत तिथलं यंत्रच देतं."

"नऊ नंबर बघा, डॉक्टर. ते तुलनेचं झाड. त्याला नुसतं पाणी, खत बंद. म्हणून पालाश कमी, पानांवर नारिंगी ठिपके. पण चार महिन्यांपासून त्याचं क्लोरीन चढतंय."

"पाण्यातून आलं असेल."

"पाणी सगळ्यांना एकच. मग बाकीच्या झाडांत का नाही?"

डॉक्टर घुटमळले. "वाईट वाटून घेऊ नका. पण त्या झाडाच्या मुळाशी जर... देह असेल तर?"

ही शंका तिच्याही उरात चार दिवस सलत होती. "मग नत्र वाढलं असतं, हाडांचं स्फुरद वाढलं असतं. ते तसूभरही हललेलं नाही. मीठच आहे हे. आणि यंत्राकडे मीठ नाही. मीठ फक्त स्वयंपाकघरात."

"पण तेलताडाला मीठ कोण घालतं?"

शलाकाला हसू आलं आणि डोळेही भरले. "मालवणचा माणूस घालतो. माडाच्या बुंध्यात मीठ घालायची आमच्याकडे रीतच आहे. गेल्या वर्षी ह्याने नेमकं नऊ नंबरलाच घातलं. माझी सगळी मोजमापं बिघडली. मी महिनाभर मुळं धुवायला लावली, तेव्हा क्लोरीन तळाला गेलं."

मुळं धुऊन संपली त्या दिवशीचं त्याचं बोलणं तिला पाठ होतं. "अगो, ह्यो माडाचोच भाऊ मां! माका दया इली." आणि तिने रागाने संपर्क तोडला होता. दुसऱ्या दिवशी मनोरा पडला. त्या अबोल्याबद्दल तिने स्वतःला कितीदा तरी दोष दिला होता.

"म्हणजे पुन्हा तीच चूक?" डॉक्टरांनी विचारलं.

"चूक नाही. आपलं मीठ पानात दिसतं आणि ते पान मी वाचते, हे त्याला माझ्या ओरड्यानेच कळलं. तो मला हाक मारतोय."

डॉक्टरांनी पडद्यावर नऊ नंबरचं चढतं क्लोरीन पुन्हा एकदा तपासलं. मग म्हणाले, "उद्या सकाळी वाहन निघेल. तुम्हीही जा."

शलाका सामान बांधायला वळली. औषधं, अन्न, प्राणवायू डॉक्टर लिहून घेत होते.

"आणि मीठ," ती म्हणाली, "पाच किलो."

"इतकं?"

"वर्षाला त्याला दोनच किलो मिळतं. चार महिन्यांत झाडाने किती खाल्लं, मी मोजलंय. आमटीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवणारा माणूस, डॉक्टर. चार महिने अळणी जेवतोय तो."